फडकं मारणं हे इंजिनिअरचं काम नाही म्हणे!

आपल्या आयटीवाल्यांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर आर्किटेक्ट, म्हणजे पॉवरपॉइंटमध्ये चौकोन आणि बाण काढणारे. त्याखाली कोड पाडणारे. मग नेटवर्कवाले. आणि सगळ्यात खाली केबल जोडणारा पोरगा. तो बहुतेक वेळा कंपनीचा नसतोच, कंत्राटदाराचा असतो. एरवी त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, पण लिंक बोंबलली की सगळ्यांना आधी तोच आठवतो.

तर मंडळी, आजचा विषय आहे फायबरची पॅच कॉर्ड. सर्व्हर रूममध्ये रॅकच्या बाजूने लोंबणारी ती पिवळी नाहीतर आकाशी वायर. लाखो रुपयांच्या स्विचसाठी आपण महिनाभर मीटिंगा करतो, आणि पॅच कॉर्ड? "ते बघून घेतील खालचे."

आता जरा आकडे बघा. सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याची जाडी साधारण ९ मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरचा (उरला असल्यास) केस साधारण ७० मायक्रॉन. दोन कनेक्टर जोडताना काचेला काच टेकते. मध्ये धुळीचा कण असेल तर प्रकाश अडतोच, शिवाय तो कण दाबला जाऊन काचेवर कायमचा ओरखडा पडू शकतो. नुसतं बोट लागलं तरी तेलाचा थर बसतो. आणि नवीन पाकिटातून काढलेली कॉर्ड स्वच्छच असते हा गोड गैरसमज आहे. टोपणाच्या आतही घाण असते.

"एवढ्याशा धुळीने काय होतंय?" असं विचारणाऱ्यांसाठी सोपा हिशोब. १० गिगाबिटला, ओएम३ मल्टिमोड फायबरवर ३०० मीटरसाठी २.६ डीबी नुकसान चालतं. १०० गिगाबिटच्या एसआर४ प्रकाराला, ओएम४ वर १०० मीटरसाठी फक्त १.९ डीबी. वेग दहापट झाला आणि सवलत कमी झाली. आता खर्च मांडा. पॅनलवरच्या एका जोडाला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ०.७५ डीबी, असे दोन जोड म्हणजे १.५. शंभर मीटर काचेचे ०.३ ते ०.४. बेरीज करा. धुळीसाठी शिल्लक काय राहिली? जवळपास शून्य!

यावर आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, टीसीपी परत पाठवेल की. आणि दोन लिंक आहेत, एक गेली तर दुसरी आहेच." इथेच तर घोळ आहे राव. लिंक मेली तर दुसरी सगळा भार उचलते. पण लिंक नुसती आजारी असेल तर? हिरवा दिवा लागलेला असतो, सीआरसी एरर हळूहळू वाढत असतात आणि अर्धी ट्रॅफिक निमूटपणे त्याच आजारी लिंकवरून जात राहते. मग डेटाबेसवाला ॲपवाल्याला शिव्या घालतो, ॲपवाला डेटाबेसवाल्याला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सोला, म्हणजे साधारण ७३० किलोमीटर, जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. आइन्स्टाइन चुकला की काय म्हणून जगभर बोंबाबोंब. २०१२ मध्ये मुख्य कारण सापडलं. जीपीएसचा वेळ घड्याळापर्यंत आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट बसला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, त्यामुळे सिग्नल उशिरा ओळखला जात होता. लक्षात घ्या, लिंक बंद नव्हती. चालू होती आणि खोटं बोलत होती! मार्च २०१२ मध्ये प्रयोगाच्या दोन प्रमुखांनी राजीनामे दिले.

तिथे निदान वरच्यांनी खुर्ची सोडली. आपल्याकडे? पुण्यातल्या एका ऑफिसात (नाव घेत नाही) एका लिंकसाठी तीन रात्री जागरणं चालली होती. मॉड्यूल दोनदा बदललं, फर्मवेअर बदललं. कंत्राटदाराचा पोरगा पहिल्या रात्रीपासून म्हणत होता, "सर, एकदा क्लिनर मागवा ना." उत्तर मिळालं, "बजेटमध्ये बसत नाही." शेवटी त्याने दुसऱ्या साइटवरून क्लिनर आणला, दोन्ही टोकं साफ केली आणि एरर थांबले. रिपोर्टमध्ये काय लिहिलं? 'केबलिंग व्हेंडरची चूक.'

फायबर साफ करायचं पेनासारखं क्लिनर काही हजार रुपयांत येतं आणि शेकडो वेळा चालतं. काचेचं टोक कसं तपासायचं यासाठी आयईसी ६१३००-३-३५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे ही साफसफाई मोजून-मापून करायचं इंजिनिअरिंग आहे. शर्टाच्या टोकाने पुसणे याला साफ करणे म्हणत नाहीत. आणि चालू फायबरमध्ये डोळा घालून बघू नका, तो लेसर दिसत नाही पण डोळा घालवू शकतो.

खरा प्रश्न क्लिनरच्या किमतीचा नाहीच. हाताने करायचं काम हलकं आणि तोंडाने करायचं काम भारी, हे आपण डिग्रीबरोबर शिकून आलोय. पुसणं, झाडणं, बांधणं म्हणजे 'त्यांचं' काम. मग त्या कामाला ना हत्यारं द्यायची, ना वेळ, ना रिपोर्टमध्ये श्रेय. आणि तरी १०० गिगाबिट पाहिजे!

सोमवारी ऑफिसला गेलात की एवढंच करा. सर्व्हर रूममध्ये क्लिनर आहे का, ते विचारा. नसेल तर मागणीपत्रावर सही करा. आणि असेल, तर तो वापरणाऱ्याचं नावही विचारून घ्या.