शिवीगाळीचे मूळ मुखवट्यात आहे काय?

इंटरनेटवर शिवीगाळ वाढली की एक मागणी हमखास पुढे येते. प्रत्येकाला खऱ्या नावाने लिहायला लावा, ओळखपत्र तपासा! माणूस मुखवट्याआड लपतो म्हणून बेताल होतो, हे त्यामागचे गृहीत. आम्ही वकील माणसे. उपाय सुचवणाऱ्याला आधी पुरावा विचारतो.

या गृहीताला शास्त्राचा आधार मिळाला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांच्या २००४ च्या लेखाने. नाव झाकलेले, चेहरा अदृश्य, उत्तर लगेच ऐकावे लागत नाही, अशा सहा कारणांनी माणसाचा संकोच गळून पडतो, असे त्यांनी मांडले. याच मोकळेपणातून माणसे मनातले दुःखही बोलतात, हेही त्यांनीच सांगितले. ते मात्र कोणी सांगत नाही. पुढे २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दोष व्यक्तीच्या स्वभावात शोधला: दुसऱ्याला छळण्यात ज्यांना आनंद वाटतो, तेच हे उद्योग करतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमके उलटे दाखवले. त्यांनी काहींना सोपी, काहींना अवघड प्रश्नावली सोडवायला दिली आणि मग एका चर्चेत मत लिहायला सांगितले. मन प्रसन्न आणि आधीची चर्चा सभ्य असताना ३५ टक्के लोक वाकडे लिहीत होते. मन बिघडलेले आणि आधीची चर्चाही घाणेरडी असताना ६८ टक्के. म्हणजे साधा माणूसही घसरतो.

मग २०२२ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातील बोर आणि पीटरसन यांनी अमेरिका व डेन्मार्कमधील लोकांना विचारून वेगळाच निष्कर्ष काढला. राजकीय वादात पडद्यावर जो तुच्छतेने वागतो, तो समोरासमोरही तसाच वागतो. त्याला प्रतिष्ठा आणि वर्चस्व हवे असते. इंटरनेट त्याला बिघडवत नाही, त्याचे वागणे सर्वांना दाखवते. ही माहिती लोकांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांची आहे, हे ध्यानात ठेवूनही आम्हांला हे म्हणणे वजनदार वाटते. वर्चस्वाची हाव असणाऱ्याला लपायची गरजच काय? झुरिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरील पाच लाखांहून अधिक टिप्पण्या तपासल्या, तेव्हा खरे नाव देणारेच अधिक आक्रमक आढळले.

मुखवटा उतरवण्याचा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणे सक्तीचे झाले. २०११ मध्ये तेथील एका कंपनीकडील सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, उलट लोकांच्या अभिव्यक्तीवर दडपण येते, हा न्यायालयाचा आक्षेप होता.

आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांवरील ही पडताळणी ऐच्छिक ठेवली आहे. ती सक्तीची करा म्हणणाऱ्यांना आमचे विचारणे आहे. या देशात आडनाव सांगितले की बहुधा जात कळते. गावातल्या जातीय छळाविषयी टोपणनावाने लिहिणाऱ्या मुलाचे नाव उद्या उघडे झाले, तर दगड कोणाच्या घरावर पडतील?