खांब कोणाचा, तार कोणाची?

रविवार कारंजा, भद्रकाली किंवा पंचवटी यांपैकी नाशिकच्या कोणत्याही जुन्या भागात मान वर केली, तर आकाशाआधी तारा दिसतात. विजेच्या तारेखाली दूरचित्रवाणीच्या केबली, त्यांच्याशी गुंतलेल्या इंटरनेटच्या काळ्या दोऱ्या, मध्येच वेटोळे करून टांगलेली उरलेली केबल आणि खांबाला कशाबशा आवळलेल्या पेट्या. यांतील चालू कोणत्या, निकामी कोणत्या आणि कोणत्या कोणाच्या, हे खाली उभ्या असलेल्या नागरिकाला उमगत नाही. प्रश्न केवळ शहराच्या विद्रूपतेचा असता तर तो एखाद्या वाचकपत्राने भागला असता; पण तो जीविताचा आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेवर अधिकार कोणाचा, याचाही आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादेतील रामांतापूर येथे गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथात विजेचा प्रवाह उतरून पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील वीज कंपनीने खांबांवरील केबली सरसकट कापण्यास प्रारंभ केला. अनेक वस्त्यांतील इंटरनेट बंद पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. वर्षानुवर्षे डोळेझाक करायची आणि दुर्घटना घडताच कात्री हाती घ्यायची, या कारभाराचा हा मासला होय. कामदा एकादशीला ज्या शहरात श्रीराम आणि गरुड यांचे रथ अरुंद रस्त्यांवरून ओढले जातात, आणि जे २०२७ च्या सिंहस्थाला सामोरे जाणार आहे, त्याने यापासून धडा घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची स्थिती काय आहे? १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने स्थानिक संस्थेच्या ताब्यातील जागेवर खांब वा तार उभारण्यासाठी त्या संस्थेची परवानगी आवश्यक ठरविली होती आणि संस्थेला अटी घालण्याची मुभा दिली होती. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी या परवानगीला मुदत घातली: साठ दिवसांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे. २०२२ च्या दुरुस्तीने रस्त्यावरील दिव्याच्या खांबासारख्या वस्तूंवर मोबाइलची लहान यंत्रे बसविण्याची वाट मोकळी केली. पुढे २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला. त्यातील मार्गाधिकाराची कलमे २६ जून २०२४ पासून आणि त्याखालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले. मुदत टळली की परवानगी गृहीत, हे सूत्र त्यांतही कायम आहे.

या सूत्राचा अर्थ नगरपालिकांनी नीट ओळखला पाहिजे. पूर्वी कागद दाबून ठेवणे हे अधिकाऱ्याचे शस्त्र होते. आता दाबलेला कागद म्हणजेच दिलेली परवानगी, आणि तीही महापालिकेने स्वतःची एकही अट न घालता. म्हणूनच उंची किती, भार किती, निकामी तार कोणी व केव्हा काढावी, याच्या अटी अर्ज येण्यापूर्वी लिहून तयार असणे महापालिकेच्याच हिताचे आहे. केंद्राने दूरसंचार कंपन्यांना खांबावर चढण्याचा हक्क दिला, हे खरे. पण चढल्यावर शिस्तीने राहण्याची सक्ती करू नये, असे कोठेही म्हटलेले नाही.

दुसरी अडचण पैशाची. २०२२ च्या दुरुस्तीने लहान यंत्रासाठी शहरी भागात प्रत्येक खांबामागे वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५० रुपये, आणि केबलसाठी १०० रुपये असा दर घालून दिला होता. अमेरिकेतही हा वाद झाला. तेथील केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१८ मध्ये अशा यंत्रासाठी वर्षाला २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी मानले. शहरे न्यायालयात गेली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने शुल्काची मर्यादा उचलून धरली, मात्र उपकरणांच्या रूपाबाबत शहरांवर घातलेली काही बंधने रद्द केली. बोध स्पष्ट आहे. खांब हे शहराच्या तिजोरीसाठी दुभते जनावर नव्हे. परंतु रस्त्याचे रूप आणि सुरक्षितता यांवरील शहराचा हक्क शुल्कावरील मर्यादेने संपत नाही.

तिसरी अडचण खांबांच्या मालकीची. नाशकात विजेचे वितरण महावितरणकडे, तर रस्त्यांवरील दिव्यांची जबाबदारी महापालिकेकडे. एका कार्यालयात तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखविले जाण्याची सोय या दुहेरी व्यवस्थेतच आहे. वस्तुतः विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५१ नुसार वितरण कंपनीला आपल्या साधनांचा अन्य व्यवसायासाठी उपयोग करता येतो. मात्र त्या उत्पन्नाचा आयोगाने ठरविलेला हिस्सा वीजवहनाचा आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. म्हणजे खांबावर फुकट टांगलेली प्रत्येक तार ही काही अंशी वीजग्राहकाच्याच खिशाला बसलेली चाट आहे.

यावर असा आक्षेप येईल की, नियम कडक झाले तर इंटरनेट महागेल आणि गल्लीतला लहान केबलचालक बुडेल. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. आज विद्यार्थ्याचा अभ्यास, परीक्षेचा अर्ज, कारकुनाचे काम, निवृत्त शिक्षकाचे बँकेचे व्यवहार याच दोरीवर लोंबकळत आहेत. पण लहान चालकाला खरा धोका नियमांचा नसून अनियमिततेचा आहे. लेखी परवानगी नसलेल्याची तार आधी कापली जाते, आणि तोंडी कृपेवर चालणाऱ्याला ती कृपा दर वर्षी विकत घ्यावी लागते. जाहीर दर आणि समान अटी यांचे संरक्षण दुबळ्यालाच अधिक हवे असते.

तेव्हा करायचे काय? महापालिका आणि महावितरण यांनी मिळून प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा आणि त्यावर कोणाचे काय आहे याची नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. प्रत्येक केबलीवर ठराविक अंतराने मालकाच्या नावाची पट्टी असावी. पट्टी नसलेली तार पुरेशी पूर्वसूचना देऊनच काढावी. कापाकापीची मोहीम नको. नवी तार टाकणाऱ्याने आपली जुनी निकामी तार आधी उतरवावी. विजेच्या तारेपासून राखायच्या अंतराची तपासणी वीज कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावी, कारण त्या जंजाळातून वाट काढत खांबावर चढण्याची पाळी त्यांच्यावरच येते. आणि रथ, विसर्जन व सिंहस्थ यांच्या मिरवणुकींच्या मार्गांवर तारांसाठी भूमिगत नळ्या टाकून त्या सर्व कंपन्यांना सारख्या भाड्याने द्याव्यात, म्हणजे प्रत्येकाने वेगळा रस्ता खोदण्याचे कारण उरणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा नको. हवा तो ठराव, नोंदवही आणि ती चालविणारा जबाबदार अधिकारी. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतील, घाट सजतील. त्या रस्त्यांवरच्या प्रत्येक तारेचा धनी कोण, हे सांगण्याची तयारीही त्याच कामाचा भाग मानली पाहिजे. ज्या तारेला आज धनी नाही, तिच्यामुळे उद्या अपघात झाला तर त्याचा जाब विचारायलाही कोणी सापडणार नाही.