वखार लकडगंजात, खतावणी ‘ढगात’

सागवानाचे ओंडके, आरामशीनची घरघर आणि भुशाचा वास ही पूर्व नागपुरातील लकडगंजची जुनी ओळख. येथील वखारींच्या व्यवहारात मात्र मुनिमाच्या लाल खतावणीची जागा संगणकाने केव्हाच घेतली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब संगणकावर ठेवणे ही केवळ सोय राहिली नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असणाऱ्या व्यापाऱ्यालाही दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावे लागते. मोठ्या रकमेचा माल निघायचा तर सोबत ई-वे बिल हवे. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखांना विवरणपत्रांची घाई असते ती वेगळीच. थोडक्यात, पेढीतील एक संगणक बंद पडला तर बाहेर उभा असलेला ट्रकही थांबतो.

हा संगणक बहुधा वखारीला लागून असलेल्या खोलीत असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात, पंख्याच्या जाळीत लाकडाची भुकटी आणि पलीकडे छतापर्यंत रचलेल्या फळ्या. हिशेबाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतलेली असते आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात पडलेला असतो. लाकडाच्या बाजाराला आगीची भीती नव्याने सांगण्याची गरज नाही. अशा वेळी ‘सगळे क्लाउडवर टाका’ असा सल्ला घेऊन विक्रेते येतात, तेव्हा तो पटतोही. प्रश्न आहे तो ‘सगळे’ या शब्दाचा.

क्लाउड म्हणजे काय, हे खरे तर लकडगंजला इतरांपेक्षा लवकर समजावे. ज्या सुताराकडे स्वतःची आरामशीन नाही, तो आपला ओंडका दुसऱ्याच्या मशीनवर नेतो, चिरून घेतो आणि तेवढ्यापुरती मजुरी देतो. मशीनची किंमत, पाते आणि मोटर ही मालकाची चिंता. क्लाउडमध्ये चिरकामाऐवजी गणनकाम भाड्याने मिळते. एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक काल्पनिक संगणक पाडले जातात आणि प्रत्येक ग्राहकाला आपला संगणक स्वतंत्र असल्याचा अनुभव येतो. अ‍ॅमेझॉनने आपल्या ‘वेब सर्व्हिसेस’मधून मार्च २००६ मध्ये साठवण आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. जून २०१६ मध्ये या कंपनीचे केंद्र मुंबईत सुरू झाले. मायक्रोसॉफ्ट त्याआधी २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नईत आली होती, गुगल २०१७ मध्ये मुंबईत आली. सरकारी माहिती अशा सार्वजनिक क्लाउडवर नेण्याचे धोरण महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. त्यामुळे हिशेब परदेशी जाईल ही शंका आता फारशी उरलेली नाही. खाते उघडताना केंद्र म्हणून मुंबई निवडली की पुरते.

खरी गुंतागुंत आहे ती दरपत्रकात. भारतीय ग्राहकाला बिल रुपयांत येते, परंतु अ‍ॅमेझॉनचे दर डॉलरमध्ये ठरतात. रुपया घसरला की न वापरताही भाडे वाढते. डॉलर सोयीसाठी ९० रुपयांचा धरू. मुंबई केंद्रात नेहमीच्या साठवणीचा दर एका गिगाबाइटला महिना अडीच सेंट, म्हणजे सव्वादोन रुपये आहे. मध्यम पेढीचा अनेक वर्षांचा हिशेब २० गिगाबाइट धरला, तरी महिन्याचे भाडे ४५ रुपये होते. बाजारातल्या दोन-चार कप चहाचे हे पैसे!

आता त्याच पेढीने हिशेबाचा संगणकच क्लाउडवर नेला तर? चार गिगाबाइट स्मृतीचा, विंडोजवर चालणारा लहानसा संगणक तासाला सहा-साडेसहा सेंटला मिळतो. दर क्षुल्लक वाटतो, पण महिन्याचे तास ७३० असतात. अखंड चालू ठेवल्यास एवढ्याचेच चार हजारांवर रुपये होतात. शंभर गिगाबाइटच्या डिस्कचे आठशेच्या आसपास वेगळे. इंटरनेटवरील सार्वजनिक पत्त्यासाठीही १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट आकारला जातो, त्याचे सव्वातीनशे. १८ टक्के कर धरून बिल सहा हजारांच्या पुढे जाते, वर्षाला सुमारे पाऊण लाख. कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते हे खरे. तरीही याहून कमी पैशांत चांगला संगणक विकत येतो आणि तो चार-पाच वर्षे चालतो. रात्री व रविवारी यंत्र बंद ठेवले तर तासांचे भाडे तिसऱ्या हिश्श्यावर येते, मात्र डिस्कचे भाडे बंद यंत्रालाही लागतच राहते. एक किंवा तीन वर्षांचा वायदा केल्यास दरात मोठी सवलत आहे. पण मग ‘वापराल तेवढेच द्या’ हे आश्वासन उरत नाही. माहिती आत नेण्यास पैसे पडत नाहीत, बाहेर काढण्यास पडतात. महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट फुकट आहेत, नंतर प्रत्येकी सुमारे अकरा सेंट. लकडगंजच्या पेढीला हा आकडा बाधणार नाही, पण चित्रफिती पुरवणाऱ्याला तो घाम फोडतो.

मग हे भाडे परवडते कोणाला? ज्याचे काम एका दिवशी डोंगराएवढे आणि दुसऱ्या दिवशी नगण्य असते, त्याला. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसनोंदणी खुली झाली, त्या एका दिवसात ‘कोविन’वर एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. पहिल्या काही मिनिटांत यंत्रणा अडखळली, पण उभी राहिली. ती अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर होती. एवढ्या भारासाठी कायमचे सर्व्हर विकत घेणे शहाणपणाचे नव्हते. उलट उदाहरण अमेरिकेतील ‘३७सिग्नल्स’ या सॉफ्टवेअर कंपनीचे. तिचा भार वर्षानुवर्षे स्थिर होता आणि २०२२ चे क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलर झाले. तिने स्वतःचे सर्व्हर घेतले आणि २०२३ मध्ये आपली कामे त्यांवर परत आणली.

वखारीची बिले रोज तेवढीच निघतात. तिचा भार दुसऱ्या कंपनीसारखा आहे, ‘कोविन’सारखा नाही. शिवाय टॅलीसारखी हिशेबप्रणाली माहितीच्या फायली थेट उघडते; संगणक पेढीत आणि फायली मुंबईत अशी फाळणी केली की प्रत्येक नोंदीला प्रवास घडतो आणि काम रखडते. न्यायचे तर दोन्ही न्यावे लागते आणि दूरस्थ पडद्यावरून काम करावे लागते. ज्या पेढीची शाखा दुसऱ्या गावी आहे किंवा ज्यांचे सीए दूर बसतात, त्यांना या सोयीचे मोल आहे. टॅली आता अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरही मिळते, ती या ग्राहकांसाठीच. फर्निचर आणि अंतर्गत सजावटीची त्रिमितीय चित्रे काढणाऱ्यांची गोष्ट निराळी. एका यंत्राचे शंभर तास आणि शंभर यंत्रांचा एक तास यांचे भाडे सारखेच पडते. ग्राहकाला उद्या सकाळी आराखडा दाखवायचा असेल तर हा हिशेब फार मोलाचा ठरतो.

बाकीच्यांसाठी क्लाउडचा खरा उपयोग उरतो तो ४५ रुपयांचाच, म्हणजे सुरक्षित प्रतीचा. अ‍ॅमेझॉन नेहमीच्या साठवणीतील माहिती मुंबई परिसरातील किमान तीन स्वतंत्र ठिकाणी ठेवते, त्यामुळे एका इमारतीतील आग तिला पुसू शकत नाही. पण पेढीतून चुकून पुसले गेले, किंवा खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर आपोआप जुळवून घेणारी प्रत तेच नुकसान निमूटपणे उतरवून घेते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यात जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले होते. त्या समूहाच्या जाळ्याचा कणा असलेल्या नोंदींच्या जगभरच्या प्रती परस्परांशी जुळवलेल्या होत्या, म्हणून सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती घानामधील एक, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती! मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीची क्लाउडवरील यंत्रणा गुगलकडील चुकीने पुसली गेली. निधी सावरला तो वेगळ्या ठेवलेल्या प्रतींमुळे. म्हणून जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी आणि ठरावीक मुदतीत पुसू न देणारी व्यवस्था खाते उघडतानाच चालू करावी लागते. ती आपोआप चालू नसते. पेढीतला पेनड्राइव्हही फेकून देऊ नये, फक्त तो संध्याकाळी घरी न्यावा.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या पेढ्यांना यात निवडही नाही. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. भागीदारीच्या वा एकल मालकीच्या पेढ्यांना हा नियम लागू नाही.

सौदा करताना आणखी एक बाब तपासावी लागते, ती म्हणजे खाते कोणाच्या नावावर उघडले आहे. विक्रेता स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडून पेढीला केवळ सांकेतिक शब्द देत असेल, तर भाडे व्यापारी भरतो आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला राहते. खाते पेढीच्या नावे, तिच्याच ई-मेलवर व मोबाइलवर असावे आणि पैसे देण्यापूर्वी एखादी जुनी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून मागील मार्चचा ताळेबंद उघडून दाखवण्यास विक्रेत्याला सांगावे.