समिती होटगीपर्यंत पोहोचावी

होटगी हे लोहमार्गाचे जंक्शन. येथूनच विजापूर-गदगकडे जाणारा फाटा फुटतो. सिमेंटचा कारखाना, आसपासची शेती आणि जवळच सोलापूरचे कापड व विडी उद्योग असा हा टापू आहे. येथे राबणाऱ्या स्त्रीची अब्रू आणि तिचा जीव ही दोन्ही कामाच्या जागी सुरक्षित आहेत काय, असा आमचा प्रश्न आहे.

कायदा नाही असे नाही. विशाखा खटल्याचा निकाल १९९७ चा, तर कायदा २०१३ चा. दहा वा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि निदान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. दहांहून कमी असतील तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार घेऊन सात दिवसांत तिच्याकडे पाठविणारा अधिकारी प्रत्येक तालुक्यात. परंतु जिच्या विड्यांची छाट एका माणसाच्या मर्जीवर ठरते, त्या बाईस हा अधिकारी कोण हे ठाऊक आहे काय? गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयासही या कायद्याच्या अंमलबजावणीतील उणिवांबद्दल खंत व्यक्त करावी लागली!

सुरक्षिततेची कथा निराळी नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत कापड कारखान्यास आग लागून आठ जीव गेले. नव्या श्रमसंहितेत सर्वसाधारण कारखान्यास सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती आहे ती पाचशे कामगारांपासून. सुरक्षा समितीचा आदेश काढणे सरकारच्या हाती. सोलापूरचे लहान कारखाने या आकड्याच्या खालीच राहतात.

हे दोन प्रश्न वेगळे मानणे आम्हांस मान्य नाही. जी बाई मुकादमाच्या भीतीने अपमान गिळते, ती कुलूप घातलेल्या दाराविषयीही तोंड उघडीत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता होटगीच्या स्थानकावर, ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक विडी कारखान्यात मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषांत लागावा. लहान कापड कारखान्यांसाठीही सरकारने सुरक्षा समितीचा आदेश काढावा. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनी हेही ध्यानी घ्यावे की, त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईसही याच स्थानिक समितीचे दार खुले आहे. ते तिला दाखविण्याचे काम तरी सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे.