रंग मारला म्हणजे भिंत वाळली?

दिवाळीच्या आधी आत्याच्या घराला रंग द्यायचे पैसे मी पाठवले. रंगही पुण्यात बसून मीच निवडला. धुता येणारा, चकचकीत, महागाचा. त्यामुळे पुढे जे काही बोलणार आहे ते आधी मला लागू, मग बाकीच्यांना!

आत्याचं घर मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी. सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या आठवड्यात सीना-कोळेगाव आणि वरच्या धरणांतून पाणी सुटलं, वरून पाऊस चालूच. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद करावा लागला. ज्या जिल्ह्याची ओळख आपण 'दुष्काळी' अशी करून देतो, तिथे घरात कमरेएवढं पाणी! पाणी ओसरलं, गाळ काढला, फरशा धुतल्या, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेल्या दिवाळीच्या आत घर गुलाबी करून टाकलं. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि खूश झालो. काम संपलं. पुढचं तिकीट घ्या.

संक्रांतीला गेलो तर आत्या म्हणाली, "भिंतीला घाम सुटलाय बघ." रंगाचे फुगे आलेले. बोट लावलं की पापुद्रा हातात. खाली पांढरा खार, कपाटामागे काळी बुरशी. आणि आत्याला आधीच दमा.

आता यात गूढ काही नाही, शाळेतलं विज्ञान आहे. वीट आणि दगड-मातीची भिंत पाणी पिते, आणि केशाकर्षणाने ते पुराच्या रेषेच्याही वर चढतं. ते बाहेर पडायला एकच वाट, पृष्ठभागावरून वाफ होऊन. ढोबळ हिशेब असा की भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते. नऊ इंची भिंत, दोन्ही बाजू मोकळ्या, तरी चार-पाच महिने. आम्ही चार आठवडेही दिले नाहीत. वर प्लॅस्टिक इमल्शन फासून वाफेची वाटच बुजवली. आपल्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एरर मेसेज तेवढा लपवला.

परदेशात घर वाळवणं हा रीतसर धंदा आहे. आधी पाणी उपसतात, भिजलेलं प्लास्टर आणि गाद्या काढून टाकतात, मोठे पंखे आणि हवेतली ओल खेचणारी यंत्रं लावतात. आणि महत्त्वाचं म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावून रोज आकडा लिहून ठेवतात. आकडा खाली आल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाहीत. तिथला माणूस 'वाळल्यासारखं वाटतंय' म्हणत नाही. आपण मात्र हात लावून बघतो!

"अहो, हे सगळं श्रीमंतांचे चोचले," असं कोणी म्हणेल. खोटं आहे. ओल खेचणारं महागडं यंत्र जे करतं ते सोलापूरची ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा फुकट करते. फक्त तिला भिंतीपर्यंत पोचू द्या. पुराच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर खरवडा. कपाटं, पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवा. बाहेर कोरडं असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पावसात बंद करा. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात नको. यंत्र नसेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर रंगाचं नाव काढू नका. आणि सणाला घर उजळ हवंच असेल (हवंच, त्यात चूक काय?) तर चुना द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते. आजोबा हेच करायचे, आम्ही त्यांना जुनाट म्हणायचो.

सरकारचंही गणित रंगवाल्यासारखंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा आहे, नाही कशाला म्हणू. पण केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत पक्क्या घराची अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तर ६,५०० रुपये. पंचनामा करणारा पडलेली भिंत मोजतो. उभ्या भिंतीत मुरलेलं पाणी तो कुठल्या टक्क्यात बसवणार? ओलावा मोजायचं साधं यंत्र आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या बुटांपेक्षा स्वस्त मिळतं. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक यंत्र आणि ते वापरता येणारा एक माणूस, एवढी मागणी फार आहे का?

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळं होण्याइतका मी स्वच्छ नाही. पूर आला की आपण शहरात बसलेले लोक काय पाठवतो? ब्लँकेटं, फरसाण आणि रंगाचे पैसे. म्हणजे जे फोटोत दिसतं ते. वाळण्याचा फोटो येत नाही. चार महिने उघडी, खरवडलेली भिंत बघायची लाज आत्याला नव्हती हो, मला होती.

असो. मागच्या शनिवार-रविवारी जाऊन मी आणि आतेभावाने तो गुलाबी रंग पत्र्याने खरवडून काढला, तोंडाला फडकं बांधून. आत्याला तेवढे दिवस शेजारी ठेवलं. घर आता भयाण दिसतं. चुना उन्हाळ्यात, तोही प्लॅस्टिकच्या कागदाखाली थेंब दिसायचे थांबले तरच.