ट्रॉलीतला दिवा का मिचमिचतो?



शिरड शहापूरच्या एका ट्रॅक्टरवाल्या वाचकांचे पत्र आले आहे. ऊसतोडीची टोळी आणायची म्हणून त्यांनी ट्रॉलीवर कमानी वाकवून ताडपत्री टाकली. आत भांडीकुंडी, दाणागोटा, बायामाणसे, लेकरे. अंधारात लेकरे भितात म्हणून कमानीला एक दिवा टांगला. ते लिहितात, "गाडी उभी असली की दिवा लख्ख. रस्त्याला लागली की मिचमिचतो, आणि कधी कधी मागचा तांबडा दिवाही घेऊन जातो. तीन बल्ब बदलले."

ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, हे आधी सांगून टाकतो. तरी दर हंगामात टोळ्या अशाच येतात, हे तुम्हीही पाहता आणि मीही पाहतो. म्हणून उत्तर देतो.

बल्बाचा यात दोष नाही. ट्रॅक्टरची वीज बारा व्होल्टची. बॅटरीतून एक वायर दिव्यापर्यंत जाते, पण परतीची वाट बहुतेकांनी लोखंडावरच सोडलेली असते: ट्रॉलीचा सांगाडा, दांडी, अडकवायची पिन आणि मग ट्रॅक्टर. त्या पिनेवर गंज, चिखल आणि वंगण. गाडी उभी असताना लोखंडाला लोखंड टेकते, खड्ड्यात हिसका बसला की सुटते. परतीची वाट तुटली की दिवा गेला. मागच्या दिव्याचीही वाट तीच, म्हणून तोही गेला.

खात्री करून घ्या. एका होल्डरमध्ये चांगला बल्ब बसवून त्याला दोन लांब वायरी जोडा. एक वायर फ्यूज घालून बॅटरीच्या अधिक टोकाला लावा आणि दुसरी ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला टेकवा. बल्ब लख्ख लागेल. आता तीच दुसरी वायर ट्रॉलीच्या सांगाड्यावर, रंग खरवडून, टेकवा आणि कोणाला तरी दांडी हलवायला सांगा. बल्ब मंद झाला किंवा लुकलुकला, तर चोर सापडला. आणखी एक खूण आहे. इंडिकेटर दिला की आतला दिवाही त्याच्या तालावर नाचू लागला, तर दोष बहुधा परतीच्या वाटेतच असतो.

उपाय स्वस्त आहे. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत परतीची वेगळी, जाड वायर ओढा. सात पिनांच्या सॉकेटमध्ये त्यासाठी एक पिन असतेच, बरेच जण ती रिकामी ठेवतात. दोन्ही टोकांना लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करून वायर बोल्टखाली घट्ट आवळा. वळणावर ताणणार नाही इतकी ती सैल असावी, पण चाकात जाईल इतकी नको.

तरीही दिवा लागला नाही, तर होल्डरमधली हिरवी बुरशी खरवडा आणि दांडीजवळ वायर चिमटली आहे का ते पाहा. गाडी पावसाळाभर उभी होती का? मग उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघा.

आता खरी काळजीची गोष्ट. आतल्या दिव्याची वायर मागच्या दिव्याच्या वायरीला पीळ देऊन जोडलेली असते. ताडपत्रीखाली कमानीवर घासून ती उघडी पडली की फ्यूज उडतो, आणि आतल्या दिव्याबरोबर मागचा तांबडा दिवाही विझतो. चालकाला पुढचा उजेड दिसतच असतो, त्याला पत्ता नाही. वसमतच्या पूर्णा कारखान्याच्या वाटेवर गाळपाच्या दिवसांत रात्री किती ट्रॉल्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मागून येणाऱ्या ट्रकला अंधारातली ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. म्हणून आतल्या दिव्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्या. एका दिव्याला पाच अँपिअरचा पुष्कळ झाला. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग असतात. त्यांच्या गाडीत फ्यूज जळत नाही, वायर जळते, आणि वायरीखाली गोधड्या असतात. चिमणी टांगणे तर त्याहून वाईट.

बल्ब एकवीस वॅटचा असेल तर तो पावणेदोन अँपिअर खातो. आठ तास चालला तर चौदा अँपिअर-तास गेले. पंचाहत्तरच्या नव्या बॅटरीला ते झेपेल, पण जुनी असली तर सकाळी स्टार्टर नुसता कण्हेल. तीन वॅटचा एलईडी दिवा रातभर दोनच अँपिअर-तास घेतो आणि लेकरांपुरता उजेड देतो. त्याला अधिक-उणे टोक असते. लागला नाही तर फेकण्याआधी वायरी उलट करून पाहा.

काम करताना बॅटरीची उणे वायर आधी सोडा आणि शेवटी लावा. आणि निघताना आतला दिवा लावून, ट्रॉलीमागे वीस पावले चालत जाऊन तांबडा दिवा लागला आहे का ते बघा. एकाला दांडी हलवायला सांगा, तेव्हाही बघा. लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखले असतील तर तेवढे फडक्याने पुसा, त्यांना बॅटरी लागत नाही.