माइक कोणाच्या बाजूचा?

क्रिकेटचा सामना हरला की आपल्याकडे दोषींची यादी ठरलेली असते. पहिला दोषी कर्णधार, दुसरा पंच, तिसरी खेळपट्टी. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका माणसाची भर पडली आहे आणि तो हळूहळू पहिल्या क्रमांकाकडे सरकतो आहे. हा माणूस बॅट धरत नाही, चेंडू टाकत नाही, बोट वर करत नाही. तो फक्त बोलतो. 'समालोचक त्यांच्याच बाजूने बोलत होता,' हे वाक्य आता चिखलीच्या चहाच्या टपरीवर जितक्या सहजपणे ऐकू येते तितक्याच सहजपणे ते खामगावच्या एखाद्या सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यातही ऐकू येते. प्रश्न असा, की हा पक्षपात खरोखर माइकपाशी असतो, की तो आपल्या कानात असतो?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात हा प्रश्न विचारण्याला एक खास कारण आहे. आपण आहोत विदर्भाच्या पश्चिमेच्या टोकाला. एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला मराठवाडा. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवर उभे राहिले, तर एका फलाटावरून नागपूर आणि दुसऱ्यावरून मुंबई. घरोघरी एखादा मुलगा, पुतण्या किंवा भाचा पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेला. म्हणून विदर्भ आणि मुंबई यांचा रणजी सामना लागला, की आपल्याकडे एकाच घरात दोन पक्ष पडतात. काका विदर्भाचे, भाचा मुंबईचा. टीव्ही मात्र एकच आणि त्यावरचा आवाजही एकच.

मार्च २०२४ मधला रणजी करंडकाचा अंतिम सामना आठवा. वानखेडे मैदानावर विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत आटोपला. पुढे ५३८ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य समोर असताना अक्षय वाडकरने शतक ठोकले, करुण नायर आणि हर्ष दुबे यांनी झुंज दिली आणि विदर्भाने ३६८ पर्यंत मजल मारली. मुंबई १६९ धावांनी जिंकली. त्या आठवड्यात मला भेटलेल्या प्रत्येक विदर्भप्रेमीची तक्रार एकच होती: समालोचकांना मुंबईशिवाय काही दिसतच नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पारडे फिरले. नागपुरातल्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडकही जिंकला. यावेळी समालोचनाबद्दल विदर्भप्रेमींनी अवाक्षर काढले नाही. तक्रार आली ती मुंबईकडे झुकलेल्या भाच्याकडून: 'काका, सगळे विदर्भाचेच गोडवे गात होते!'

जिंकणाऱ्याला समालोचन निःपक्षपाती वाटते आणि हरणाऱ्याला विकले गेलेले वाटते, एवढे म्हणून हा विषय संपवता आला असता. पण मानसशास्त्राने याची नीट तपासणी केली आहे, आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. तिची सुरुवात झाली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलपासून. हे फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो ते नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांना आडवे पाडत धावण्याचा तो धसमुसळा खेळ. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत सामना झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थी वर्तमानपत्रांनी एकमेकांवर आगपाखड केली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन प्राध्यापकांनी मग सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी चारच्या थोडे वर नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथ संघाचे जवळजवळ दहा दिसले. फिल्म तीच, खेळाडू तेच, चष्मे मात्र वेगळे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सांगितले, की प्रत्येक जण आपापला सामना पाहत असतो. आपल्या आजीबाईंनी हेच चार शब्दांत सांगून ठेवले आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.

दुसरा प्रयोग मैदानाबाहेरचा आहे. १९८२ मध्ये बैरूतच्या निर्वासित छावण्यांत हत्याकांड झाले. त्याच्या अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंना त्याच बातम्या आपल्याविरुद्ध वाटल्या! आणि गंमत म्हणजे, ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त जाणवला. म्हणजे 'मी तीस वर्षे क्रिकेट पाहतोय, मला कळते' असे म्हणणारा गृहस्थ या दोषापासून मुक्त नसतो. उलट तोच त्यात जास्त सापडतो.

असे का होते? माझ्या मते आपल्या मनातली खतावणी एकाच बाजूने लिहिली जाते. आपल्या फलंदाजाचे कौतुक झाले की ते आपल्याला वस्तुस्थिती वाटते. त्याची नोंद करण्याची गरजच भासत नाही. प्रतिस्पर्ध्याचे कौतुक झाले की ते टोचते, आणि टोचलेले लक्षात राहते. दिवसभरात समालोचकाने दोन्ही बाजूंना सारखे माप दिले असले, तरी संध्याकाळी आपल्या वहीत फक्त त्यांची जमा आणि आपली नावे उरते. त्यातून जो संघ वरचढ असतो त्याच्याबद्दल अधिक बोलले जाणारच. १०५ धावांत बाद झालेल्या संघाची तोंड भरून स्तुती करायला समालोचक म्हणजे काही लग्नातला आहेर वाचणारा नव्हे.

पण थांबा. एवढ्यावरून 'सगळे मनाचे खेळ' असा निकाल दिला, तर तोही एकतर्फी होईल. शब्दांना ताकद असते, हेही सिद्ध झालेले आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी बर्फावरच्या हॉकीच्या फिती प्रेक्षकांना दाखवल्या. एका प्रसंगात खेळ साधाच होता, पण समालोचक दांडगाईबद्दल रंगवून बोलत होता. दुसऱ्यात खेळ खरोखर आडदांड होता, पण समालोचकाने त्याकडे लक्ष वेधले नव्हते. समालोचन ऐकणाऱ्यांना साधा खेळच जास्त दांडगा वाटला! डोळ्यांनी पाहिलेले कानांनी बदलून टाकले. म्हणून समालोचकाच्या हाती काहीच नसते, असे समजण्याचे कारण नाही.

मग खरा पक्षपात असतो कुठे? माझे मत असे, की तो असतो. पण आपण शोधतो तिथे नसतो.

पहिला प्रकार ओळखीचा. समालोचकांच्या खोलीत मुंबईकडून खेळलेल्यांचा वावर वर्षानुवर्षे मोठा आहे. सुनील गावस्कर, रवि शास्त्री, संजय मांजरेकर ही नावे घराघरांत ठाऊक आहेत. मुंबईतल्या एखाद्या पोराने षटकार मारला, की त्याची शाळा, त्याचे मैदान, त्याचा प्रशिक्षक हे सारे अशा माणसाला तोंडपाठ असते. चार गोष्टी आपोआप निघतात. विदर्भाच्या पोराबद्दल सांगायला त्याच्याजवळ फक्त धावफलक असतो. यात वैर नाही, कट नाही. पण ऐकणाऱ्याला एक पोर घरचे आणि दुसरे पाहुणे वाटते, हे मात्र खरे. याला उपायही साधा आहे: गृहपाठ. खापरखेड्याच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, ही गोष्ट कोणी सांगितली तेव्हा ती देशभर आवडीने ऐकली गेलीच ना?

दुसरा प्रकार सवयीचा. २०२० साली युरोपातल्या चार प्रमुख फुटबॉल लीगमधल्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन एका संस्थेने वाक्यावाक्याने तपासले. गोऱ्या खेळाडूंची स्तुती बुद्धी आणि मेहनत यांसाठी जास्त, तर काळ्या खेळाडूंची स्तुती ताकद आणि वेग यांसाठी जास्त, असे आढळले. बोलणाऱ्यांना याची जाणीव असेलच असे नाही. ऐकणाऱ्यांपैकीही फारच थोड्यांनी त्याबद्दल तक्रार केली असेल, कारण तिथे कोणत्याच संघाचे नुकसान होत नव्हते. हरणाऱ्या चाहत्याला जो पक्षपात ऐकू येतो तो बहुधा नसतो. आणि जो असतो तो त्याला ऐकू येत नाही.

तिसरा प्रकार पगाराचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मार्च २०१६ मध्ये विश्वचषक ट्वेंटी-२० स्पर्धेत भारताने बांगलादेशाला एका धावेने हरवले. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सुचवले, की भारतीय समालोचकाने सतत इतरांबद्दल बोलण्याऐवजी आपल्या खेळाडूंबद्दल अधिक बोलावे. कर्णधार धोनीने त्याला दुजोरा दिला. काही आठवड्यांतच हर्षा भोगले यांचे नाव आयपीएलच्या समालोचकांतून गळले. कारण आपल्याला कळवले गेले नाही, असे त्यांनी स्वतः म्हटले होते. मार्च २०२० मध्ये मांजरेकर यांना क्रिकेट मंडळाच्या समालोचकांतून वगळण्यात आले. पुढे दोघेही माइकवर परतले. पण समालोचकाची नेमणूक ज्या मंडळाच्या हाती, त्याच मंडळाच्या कारभारावर तो मोकळेपणाने किती बोलेल? विदर्भ की मुंबई, यापेक्षा हा प्रश्न शंभर पटींनी मोठा आहे. टपरीवर मात्र तो कधी निघत नाही. शिवाय २०१६ ची तक्रार नीट पाहा. ती पक्षपात होतो म्हणून नव्हती, तो पुरेसा होत नाही म्हणून होती!

खरे तर आपल्याला पक्षपाताचे फारसे वावडे नाही. गावच्या कबड्डी स्पर्धेत किंवा टेनिस चेंडूच्या सामन्यात कर्ण्यावरून बोलणारा माणूस उघडउघड यजमान गावाचा असतो. तो मध्येच कोणी शंभर रुपयांचे बक्षीस लावले ते सांगतो, पाहुण्या संघाची फिरकी घेतो, आपल्या गड्याला नावाने हाक मारतो. त्याच्यावर कोणी रागावत नाही, कारण तो कोणाचा आहे हे सर्वांना माहीत असते. राग येतो तो निःपक्षपातीपणाचा सदरा घालून बसलेल्याचा. आकाशवाणीच्या काळात बाळ ज. पंडितांचे मराठी किंवा जसदेव सिंग यांचे हिंदी समालोचन ऐकताना ताडून पाहायला समोर चित्र नव्हते; विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता चित्रही समोर आहे, पुनर्दर्शनही आहे. संशय मात्र कमी होण्याऐवजी वाढलाच आहे.

याउलट, मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत आपल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकारने जागतिक अग्रमानांकित माइक श्लोएसरला १४९-१४८ असे हरवले, तेव्हा समालोचक काय म्हणाला याची कोणाला पर्वा नव्हती. बाण कुठे रुतला ते दिसत होते. जिथे मोजमाप पक्के, तिथे संशयाला जागा कमी.

आता कोणी म्हणेल, खेळातल्या एवढ्याशा रुसव्याफुगव्यांची इतकी चिकित्सा कशाला? त्याला कारण आहे. मुंबईबद्दलचा आपला संशय क्रिकेटमध्ये जन्मलेला नाही. १९५३ चा नागपूर करार, त्यातली आश्वासने, सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष या जमिनीत तो उगवला आहे. ते दुखणे खरे आहे. पण खऱ्या दुखण्याचा राग समालोचकावर काढला, तर दोन नुकसाने होतात. विदर्भाने २०१८ मध्ये पहिला रणजी करंडक जिंकला तेव्हा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे होते आणि विजयी चौकार मारणारा वसीम जाफरही मूळचा मुंबईचाच, हे आपण विसरतो. आणि सगळीकडेच 'ते आपल्या विरोधात आहेत' म्हणण्याची सवय जडली, की जिथे खरोखर अन्याय होतो तिथल्या तक्रारीलाही लोक 'यांचे नेहमीचेच' म्हणून उडवून लावतात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गत आपल्याला नवी नाही.

अनुशेषाची तक्रार गांभीर्याने घेतली गेली ती केव्हा? प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली क्षेत्रवार आकडे मांडले, तेव्हा. अनुशेष तीन हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला आणि त्यातला विदर्भाचा वाटा कागदावर आला. त्यानंतर अनुशेष मिटला असे नव्हे. पण तो आहे की नाही, हा वाद मिटला. भावना मोजमापात उतरली की तिला वजन येते.

समालोचनाचेही तसेच करता येईल. पुढच्या सामन्याला घरातल्या मुलांच्या हाती एक वही द्या. कोणत्या संघाबद्दल किती चांगले आणि किती वाईट बोलले गेले, याच्या चार रकान्यांत रेघा ओढायला सांगा. एक वही काकांच्या हाती, एक भाच्याच्या. सामना संपल्यावर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा. आकडे जुळले आणि पारडे झुकलेले निघाले, तर खुशाल प्रसारण कंपनीला पत्र लिहा. त्या पत्राला किंमत असेल. आणि वह्याच एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर माइक कोणाच्या बाजूचा होता हे विचारण्याआधी आपली वही कोणाच्या बाजूने लिहिली गेली, हे घरच्या घरी कळेल.